यू वृक्षाचे कुंपण : छाटणी, जोपासना आणि छाटलेल्या पाल्याचे मोल

प्रास्ताविक

इंग्लंडमधील जुन्या हवेल्यांभोवतीच्या उद्यानांत काळपट हिरव्या रंगाच्या, उंच आणि गुळगुळीत भिंती आढळतात. दुरून पाहणाऱ्यास त्या गिलावा करून वर रंग दिल्यासारख्या वाटतात. जवळ गेल्यावर त्या पानांच्या आहेत हे ध्यानात येते. या भिंती बहुधा यू या वृक्षाच्या असतात. त्यांतील काहींचे वय तीनशे वर्षांच्या घरात आहे आणि या दीर्घ काळात त्यांना बहुतेक प्रत्येक वर्षी कात्री लागलेली आहे. एखाद्या वृक्षास शेकडो वेळा छाटले तरी तो केवळ जगतोच असे नव्हे, तर अधिक दाट होतो, ही गोष्ट सामान्य अनुभवास सोडून आहे आणि म्हणूनच ती अभ्यासनीय ठरते.

प्रस्तुत लेखाचा उद्देश यूच्या कुंपणाची छाटणी व जोपासना कशी केली जाते आणि तिच्या मुळाशी वनस्पतिशास्त्रातील कोणती तत्त्वे आहेत हे स्पष्ट करणे हा आहे. यूचे झाड जून, निष्पर्ण लाकडातूनही पुन्हा फुटू शकते. ही एक गोष्ट नीट समजली की छाटणीचे बहुतेक नियम आपोआप उलगडत जातात. याच गुणधर्मामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस एका महत्त्वाच्या कर्करोगविरोधी औषधाचा कच्चा माल झाड न मारता मिळवणे शक्य झाले. उद्यानविद्येतील एक क्षुल्लक भासणारे काम औषधनिर्मितीशी आणि हिमालयातील वनांच्या प्रश्नाशी कसे जोडले गेले, याचाही विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

यू वृक्षाची ओळख

युरोपातील यूचे शास्त्रीय नाव टॅक्सस बकाटा असे आहे. तो सूचिपर्णी वृक्षांत मोडत असला तरी पाइन किंवा देवदार यांच्यासारखे काष्ठमय शंकू त्याला येत नाहीत. त्याचे बीज एका लालचुटूक, मांसल वाटीत बसलेले असते. नर व मादी झाडे वेगळी असतात. तथापि निसर्ग या नियमास नेहमी बांधील असतोच असे नाही. स्कॉटलंडमधील फॉर्टिंगॉल येथील सुप्रसिद्ध प्राचीन यू नर म्हणून नोंदलेला होता. २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीवर लाल फळे दिसून आली आणि वनस्पतिशास्त्रज्ञांत त्याची बरीच चर्चा झाली.

कुंपणासाठी यूचा वापर लोकप्रिय करण्याचे श्रेय जॉन एव्हलिन याने स्वतःकडे घेतले आहे. त्याचा 'सिल्व्हा' हा वृक्षविषयक ग्रंथ १६६४ मध्ये प्रसिद्ध झाला. इटालियन धाटणीच्या उद्यानांत भिंतींसाठी सुरू वापरला जाई. पण इंग्लंडची थंडी त्याला मानवत नसे. त्याच्या जागी यू आला. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कंब्रियातील लेव्हन्स हॉल येथे गियोम बोमाँ या फ्रेंच उद्यानरचनाकाराने यू आणि बॉक्स या झुडपांना छत्र्या, मनोरे, सोंगट्या असे आकार देण्यास आरंभ केला. ते उद्यान आजही पाहता येते. हॅम्प्टन कोर्ट येथील भूलभुलैया प्रथम हॉर्नबीम या पानगळीच्या वृक्षाचा होता. पुढे त्यात यू लावण्यात आला.

या हौसेवर टीकाही झाली. कवी अलेक्झांडर पोप याने १७१३ मध्ये 'द गार्डियन' या नियतकालिकात (आजच्या त्याच नावाच्या दैनिकाशी त्याचा संबंध नाही) झाडांच्या पुतळ्यांची यथेच्छ टर उडविली. गंमत अशी की, ज्या लॉर्ड बॅथर्स्टचा तो जिवलग मित्र होता आणि ज्याच्या ग्लॉस्टरशायरमधील सायरेनसेस्टर येथील वनोद्यानाच्या आखणीत त्याने उत्साहाने भाग घेतला, त्याच्याच हवेलीसमोर आज जगातील सर्वांत उंच मानले जाणारे यूचे कुंपण उभे आहे. सुमारे १७२० मध्ये लावलेल्या या अर्धवर्तुळाकार कुंपणाची उंची सुमारे १२ मीटर आहे. या कुंपणाचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

यू छाटणी का सोसतो?

कोणत्याही फांदीच्या शेंड्याशी ऑक्झिन हे संप्रेरक तयार होते व ते खाली वाहते. त्याच्या प्रभावामुळे शेंड्याखालील कळ्या दबून राहतात. वनस्पतिशास्त्रात यास शेंड्याचे वर्चस्व असे म्हणतात. शेंडा कापला की हा दाब नाहीसा होतो, मुळांकडून येणाऱ्या सायटोकायनिनचे पारडे जड होते आणि बाजूच्या कळ्या फुटतात. फांद्यांचे फुटणे रोखणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोन या संप्रेरकगटाची भूमिका २००८ मध्ये स्पष्ट झाल्यापासून हे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले असले, तरी माळ्याच्या कामापुरते वरील विवेचन पुरेसे आहे. एका शेंड्याच्या जागी तीन-चार नवे शेंडे येतात, पुढील वर्षी तेही कापले जातात, आणि काही वर्षांत कुंपणाचा पृष्ठभाग इतका दाट होतो की त्यात हात घालणे कठीण जाते.

हे सर्व बहुतेक झुडपांच्या बाबतीत खरे आहे. आपल्याकडे मेंदी किंवा डुरांटाचे कुंपण याच तत्त्वावर दाट होते. यूचे वैशिष्ट्य याहून पुढचे आहे. बहुतेक सूचिपर्णी वृक्षांत ज्या भागावरची पाने एकदा गळून गेली, तेथे पुन्हा पालवी येत नाही. लेलँड सायप्रस या शीघ्र वाढणाऱ्या आणि शेजाऱ्यांच्या भांडणांमुळे ब्रिटनमध्ये कुप्रसिद्ध झालेल्या झाडास तपकिरी लाकडापर्यंत छाटले, तर तेथे कायमचे उघडे भगदाड राहते. यूच्या सालीखाली मात्र सुप्त कळ्या टिकून असतात. लाकूड कित्येक दशकांचे असले तरी त्यावर प्रकाश पडला आणि वरचा दाब हटला की त्या जाग्या होतात व बुंध्यावरून हिरव्या कोंबांचे झुबके बाहेर पडतात. सायप्रसच्या कुंपणात माळ्याची चूक भरून येत नाही, यूच्या कुंपणात ती येते. दीर्घायुष्याचे रहस्य बव्हंशी यातच आहे.

नव्या कुंपणाची घडण

साधारणतः ४५ ते ६० सेंटीमीटर अंतरावर एकेरी ओळीत रोपे लावतात. पहिली काही वर्षे बाजूच्या फांद्यांची हलकी छाटणी करावी. परंतु मधला मुख्य शेंडा इच्छित उंची गाठेपर्यंत कापू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. उतावळेपणाने शेंडा कापल्यास झाड रुंद होते आणि उंची रेंगाळते. माणसाच्या उंचीचे कुंपण तयार होण्यास सात ते दहा वर्षे लागतात. यू अतिशय मंद वाढतो हा समज मात्र अतिशयोक्त आहे. मुळे स्थिरावली की तो चांगल्या जमिनीत वर्षाला २० ते ३० सेंटीमीटर वाढतो.

वार्षिक छाटणी

प्रस्थापित कुंपणास वर्षातून एकच छाटणी पुरते, आणि हा यूचा बागकामातील सर्वांत मोठा गुण होय. ब्रिटनमध्ये ती ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये करतात. या वेळेमागे अनेक कारणे एकवटलेली आहेत. वसंतातील जोमदार फूट तोवर पूर्ण झालेली असते. पुढे वाढ मंदावत जाते. त्यामुळे या वेळी दिलेली रेषा पुढच्या मेपर्यंत जशीच्या तशी टिकते आणि हिवाळ्यात, जेव्हा उद्यानात दुसरे काहीच डोळ्यांत भरत नाही, तेव्हा कुंपणाचा आकार ठसठशीत दिसतो. जून महिन्यात छाटल्यास दुसरी फूट येऊन रेषा विस्कटते. शरद ऋतूच्या अखेरीस छाटल्यास उशिरा आलेले कोवळे कोंब पहिल्या कडक हिमतुषारात करपतात. आणखी एक कारण पक्ष्यांचे. दाट यू हे घरटी बांधण्यास आदर्श ठिकाण आहे. ब्रिटनमधील १९८१ च्या वन्यजीव व ग्रामक्षेत्र अधिनियमानुसार वापरात असलेल्या घरट्यास जाणूनबुजून धक्का लावणे हा गुन्हा आहे, आणि विणीचा हंगाम साधारणपणे मार्च ते ऑगस्ट असा असतो.

छाटणीच्या रीतीतील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे बाजूंचा ढाळ. कुंपण पायाशी रुंद आणि माथ्याकडे किंचित निमुळते असले पाहिजे. हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न नाही. कुंपणाच्या वरच्या भागाची वाढ खालच्यापेक्षा नेहमीच अधिक जोरकस असते. बाजू उभ्या सरळ ठेवल्या तर थोड्याच वर्षांत वरचा भाग बाहेर झुकतो, खालच्या पानांवर त्याची सावली पडते, ती गळतात आणि कुंपण पायाशी विरळ व उघडे दिसू लागते. ढाळ दिल्यास माथ्यापासून पायथ्यापर्यंत प्रत्येक पानास प्रकाश मिळतो. शिवाय अरुंद माथ्यावर बर्फाचा भार कमी साठतो आणि फांद्या फाकत नाहीत. गवंडी भिंतीच्या बांधकामात ओळंबा वापरतो तो भिंत उभी सरळ यावी म्हणून. यूच्या माळ्यास ओळंबा लागतो तो ढाळ सर्वत्र सारखा आहे की नाही हे पडताळण्यासाठी.

डोळ्याच्या अंदाजावर विसंबून सरळ रेषा साधत नाही. ज्यांची नजर तयार आहे असे माळीही माथ्याच्या पातळीसाठी दोन खुंटांमध्ये ताणलेली दोरी वापरतात, आणि ढाळासाठी लाकडी पट्ट्यांचा साचा तयार करून तो कुंपणास टेकवत पुढे सरकतात. छाटणी खालून वर करत जाणे सोयीचे असते. त्यामुळे कापलेला पाला न छाटलेल्या भागावर अडकून रेषा झाकत नाही आणि यंत्राचे पाते वरच्या दिशेने सहज फिरते. मागच्या वर्षीच्या छेदाच्या किंचित बाहेर कापावे, असा प्रघात आहे. म्हणजे नव्या फुटीचा थोडासा अंश राहतो आणि पृष्ठभाग हिरवा दिसतो. याची अपरिहार्य परिणती अशी की, कुंपण दरवर्षी काही मिलिमीटर जाड होते. शंभर वर्षांत त्याचे मीटर होतात. जुन्या उद्यानांतील वाटा कालांतराने अरुंद झालेल्या दिसतात त्या यामुळेच.

हत्यारांविषयी थोडक्यात सांगायचे तर, लांब पात्यांची हातकात्री सर्वांत स्वच्छ काम करते, पण मोठ्या कुंपणास यांत्रिक कातरयंत्राखेरीज गत्यंतर नाही. पाते धारदार असावे. बोथट पात्याने पाने चिरडतात आणि त्यांची टोके तपकिरी पडतात. कडक उन्हाचा दिवसही टाळावा, कारण आजवर सावलीत असलेली आतली पाने एकाएकी उघडी पडून करपण्याचा संभव असतो. वेल्समधील पॉविस किल्ल्यातील यू शतकानुशतके वाढून ढगांसारख्या फुगीर, अनियमित आकारांचे झाले आहेत आणि त्यांची उंची अनेक मजली इमारतीएवढी आहे. तेथे पूर्वी लांब शिड्यांवर चढून हातकात्रीने काम चाले; आता माळी यांत्रिक उचलपाळण्यात उभा राहून कित्येक आठवडे ते करतो.

दरवर्षी कोवळी फूट काढून घेतल्याने फुलोऱ्यास आवश्यक असलेला भागही बराचसा निघून जातो. यास्तव नियमित छाटलेल्या मादी झाडांवर लाल फळे क्वचितच दिसतात. झाडाची शक्ती फळाऐवजी पानांकडे वळते असे म्हणता येईल. नाशिककडील द्राक्षबागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी घेतो, तेव्हा त्याचा हेतू याच्या नेमका उलट असतो : काडी तयार करून तिच्यावर घड आणणे. साधन एकच असले तरी वेळ आणि जागा बदलताच झाडाकडून मिळणारे उत्तर बदलते.

जीर्ण कुंपणाचे पुनरुज्जीवन

वाट अडविण्याइतके रुंद झालेले किंवा अनेक वर्षे दुर्लक्षित राहिलेले कुंपण उपटून टाकण्याचे कारण नसते. यूच्या सुप्त कळ्यांचा खरा उपयोग येथे होतो. हे काम हिवाळा सरता सरता, म्हणजे मार्चच्या सुमारास करतात. कारण त्यानंतर संपूर्ण वाढीचा हंगाम झाडाच्या हाती असतो. पहिल्या वर्षी कुंपणाची एकच बाजू थेट मुख्य बुंध्यापर्यंत कापली जाते. दुसरी बाजू नेहमीप्रमाणे हलकी छाटून हिरवी ठेवली जाते. उघड्या बुंध्यावर नवी फूट येऊन ती जोमाने वाढू लागल्यावरच, एक किंवा दोन वर्षांनी, दुसऱ्या बाजूस हात घालतात. उंची कमी करावयाची असल्यास ते काम निराळ्या वर्षी करणे इष्ट.

टप्प्याटप्प्याने काम करण्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. नव्या कोंबांना लागणारे अन्न पहिल्या काही आठवड्यांत मुळांतील व खोडातील साठ्यातून येते, आणि हा साठा भरून काढण्यासाठी काही पाने शिल्लक असावी लागतात. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर सशक्त झाड कदाचित तरेलही. अशक्त झाड मात्र उधारीवर जगता जगता संपते. म्हणून आधीच पिवळट, मलूल दिसणाऱ्या कुंपणास प्रथम खत, आच्छादन व पाणी देऊन एक-दोन वर्षे सुधारू द्यावे आणि मगच कठोर छाटणी करावी. पहिल्या वर्षीचे दृश्य भयावह असते. एका बाजूने पाहिले तर वाळक्या काठ्यांचा सांगाडा आणि दुसऱ्या बाजूने हिरवी भिंत. उद्यान पाहावयास आलेल्या लोकांच्या तक्रारी ठरलेल्या. पण बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात बुंध्यांवर हिरवे ठिपके दिसू लागतात आणि काही वर्षांत पृष्ठभाग पुन्हा सलग होतो.

मुळांशी साचणारे पाणी

यू छाटणी सोसतो, थंडी सोसतो, सावलीही सोसतो. साचलेले पाणी मात्र त्याला सोसत नाही. निसर्गतः तो चुनखडीच्या उतारांवर वाढतो. ससेक्समधील किंग्ली व्हेलचे प्राचीन यूवन अशाच जमिनीवर आहे. चिकण, दलदलीच्या मातीत त्याच्या मुळांवर फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीवाचा हल्ला होतो. विदर्भातील संत्र्यावरचा डिंक्या रोग याच प्रजातीच्या अन्य जातींमुळे होतो, त्यामुळे हे नाव आपल्या कृषिमहाविद्यालयांत परिचित आहे. यूच्या कुंपणात एखादेच झाड प्रथम तांबूस-पिवळे पडते, नंतर शेजारचे, आणि भिंतीत पडलेल्या दातांसारखी खिंडारे दिसू लागतात. रोग बळावल्यावर उपाय जवळपास नाही. निचऱ्याची चर खणणे आणि रोपे किंचित उंच वरंब्यावर लावणे हे लागवडीच्या वेळीच करावयाचे काम आहे. बॉक्सच्या झुडपावर करपा आणि २००७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम नोंदलेला बॉक्स पतंग यांनी मोठे नुकसान केल्यापासून अनेक उद्यानांनी त्याऐवजी यू लावण्यास प्रारंभ केला आहे. जमिनीचा निचरा न तपासता केलेला हा बदल एका रोगातून दुसऱ्या रोगात जाण्यासारखा ठरू शकतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विषारी पाला

लाल वाटीचा मांसल भाग वगळता यूचे सर्व भाग विषारी असतात. टॅक्सीन या अल्कलॉइडसमूहामुळे हृदयाच्या स्नायूंतील सोडियम व कॅल्शियमच्या वहनात अडथळा येतो व हृदयाचे ठोके थांबू शकतात. यावर खात्रीचा उतारा नाही. घोड्यास काही शे ग्रॅम पाला मारक ठरतो. वाळल्यावरही विष टिकते. त्यामुळे छाटलेला पाला कुरणाच्या कडेस टाकून देणे म्हणजे गुरांना विष घालणे होय. छाटणीपूर्वी जमिनीवर कापड अंथरण्याची पद्धत स्वच्छतेइतकीच या कारणासाठीही पडली आहे.

आपल्या दृष्टीने येथे एक मुद्दा महत्त्वाचा आहे. हिमालयातील यूची, म्हणजे गढवालमधील थुनेरची पाने काही बाजारपेठांत तालीसपत्र या नावाने विकली गेल्याचे आढळते. आयुर्वेदातील तालीसादि चूर्णाचे तालीसपत्र प्रमाण औषधिकोशानुसार ॲबीज या निराळ्या सूचिपर्णी वृक्षाचे आहे. दोहोंची सुकी पाने वरवर सारखी दिसतात, हे ध्यानात घेता द्रव्याची शास्त्रीय ओळख पटविणे किती आवश्यक आहे हे सांगावयास नको.

छाटलेल्या पाल्याचे मोल

यूतील विषारी द्रव्यांच्या शेजारीच निसर्गाने एक औषध ठेवले होते. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागातील वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्क्ले यांनी वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यूच्या सालीचे नमुने गोळा केले. नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यांतून टॅक्सॉल वेगळे केले व त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबार येथे झाला. मुंबईत रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले, इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळविली. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या खानदेशच्या या सुपुत्राचे नाव रसायनशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे ऐकू येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पेशीविभाजनाच्या वेळी सूक्ष्मनलिकांना गोठवून ठेवण्याची टॅक्सॉलची आगळी क्रिया सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवून दिली आणि डिसेंबर १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली.

अडचण पुरवठ्याची होती. एक किलो औषधासाठी सुमारे १०,००० किलो साल लागे आणि साल सोलली की झाड मरे. पॅसिफिक यू हा मंद वाढणारा, जुन्या अरण्याच्या सावलीत राहणारा लहानसा वृक्ष. त्याच अरण्यातील ठिपकेदार घुबडाच्या संरक्षणावरून वाद पेटलेला असताना औषधासाठी झाडे तोडण्याचा प्रश्न उभा राहिला. एका बाजूस रुग्णांचे प्राण आणि दुसऱ्या बाजूस अरण्य, असा हा पेच होता. १९९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसला पॅसिफिक यूसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

पेच सुटला तो युरोपातील उद्यानांच्या झाडामुळे. फ्रान्समध्ये गिफ-सुर-इव्हेत येथे पिएर पोतिए आणि सहकाऱ्यांना टॅक्सस बकाटाच्या पानांत दहा-डीॲसिटिलबकाटिन हे संयुग आढळले. त्यांच्या संस्थेच्या आवारातील काही यू रस्त्यासाठी तोडले गेले आणि त्यांचा पाला अभ्यासास मिळाला, असे सांगितले जाते. या संयुगापासून प्रयोगशाळेत थोड्याच पायऱ्यांत टॅक्सॉल तयार करता येते, आणि त्याचेच भावंड असलेले डोसिटॅक्सेलही. पाला तोडल्याने झाड मरत नाही. एक किलो ताज्या पानांतून हे संयुग एक ग्रॅमपर्यंत मिळू शकते, म्हणजे एक टन पाल्यातून अधिकाधिक एक किलो. सायरेनसेस्टरच्या कुंपणाच्या वार्षिक छाटणीत सुमारे एक टन पाला निघतो, आणि तो औषधनिर्मितीसाठी विकला गेल्याच्या नोंदी आहेत. पोपने ज्या छंदास हसून सोडले होते, त्याची फलश्रुती अशी व्हावी हे त्याच्या कल्पनेपलीकडचे होते.

या संग्राहकांच्या अटी छाटणीच्या जुन्या नियमांशी तंतोतंत जुळल्या, ही बाब लक्षणीय आहे. त्यांना हवी होती ती चालू वर्षाची कोवळी फूट. जाड लाकूड चालत नसे. पाला ताजा, माती व इतर झाडांची पाने यांपासून मुक्त असावा लागे. दरवर्षी, योग्य वेळी, जमिनीवर कापड अंथरून छाटलेल्या कुंपणाचा पाला या कसोटीस उतरे. दोन-तीन वर्षे न छाटलेल्या कुंपणाचा पाला लाकूड जास्त म्हणून नाकारला जाई. पुढे २००० नंतरच्या दशकात मोठ्या टाक्यांत यूच्या पेशींचे संवर्धन करून टॅक्सॉल मिळविण्याचे तंत्र स्थिरावले आणि उद्यानांतील पाल्याचे महत्त्व ओसरत गेले. तरी लागवडीतील यूचा पाला हा स्रोत संपलेला नाही. चीनमध्ये टॅक्सस मीडिया या संकरित जातीची लागवड मुख्यतः याच हेतूने झाली.

हिमालयात मात्र गोष्टी निराळ्या घडल्या. थुनेरच्या सालीचा चहा तेथील काही समाजांत परंपरेने घेतला जातो. त्याने झाडे थोडीफार दुखावत, पण वने टिकून होती. १९९० च्या दशकात औषधासाठी पाल्याची मागणी वाढली आणि संपूर्ण फांद्या ओरबाडल्या गेल्या, साली सोलल्या गेल्या. टॅक्सस वॉलिचियाना ही जाती १९९५ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहे आणि जागतिक लाल यादीत ती संकटग्रस्त गणली जाते. थुनेर हा युरोपीय यूचा सख्खा भाऊ. फुटण्याची क्षमता त्याच्यातही आहे. तरीही एकाच पाल्याने सायरेनसेस्टरचे कुंपण अधिक दाट झाले आणि गढवालची झाडे वाळली. कुंपणाचा माळी एका वर्षाची फूट घेतो आणि पुढची येईतो थांबतो, कारण पुढच्या वर्षीही छाटणी त्यालाच करावयाची असते. वनातील पाला तोडणाऱ्यास तशी शाश्वती नव्हती. झाडावर त्याचा हक्क नव्हता; आज त्याने सोडलेली फांदी उद्या दुसरा नेणार होता. त्यामुळे दोष तोडणाऱ्याच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे ठरेल. झाड माहीत असूनही थांबणे त्याला परवडत नव्हते.

म्हणून थुनेरची लागवड गावांजवळ, मालकी निश्चित असलेल्या जमिनीवर करण्याचा पर्याय अधिक आशादायक वाटतो. बियांपासून रोपे मिळण्यास फार वेळ लागतो, कारण बीज दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहते. फांदीच्या तुकड्यांना संप्रेरकद्रव लावून मुळे आणण्याचे तंत्र हिमालयातील संशोधन संस्थांनी यशस्वीपणे वापरले आहे. या तंत्राची एक मर्यादा सर्वज्ञात आहे : बाजूच्या फांदीपासून केलेले यूचे रोप बाजूस पसरण्याची आपली सवय दीर्घकाळ सोडत नाही आणि सरळ खोडाचा वृक्ष होण्यास नाखूश असते. वनीकरण करणाऱ्यास हा दोष वाटतो. पाला घ्यावयाचा असेल, तर तीच रोपे दाट ओळीत लावून कमरेइतक्या उंचीवर कुंपणासारखी राखता येतात आणि दरवर्षीची फूट जमिनीवर उभे राहूनच, शिडीवाचून कापता येते.